पोमुखलीचा जोडीदार

खाडीकाठच्या आमच्या कुझ्नित्सात अर्ध्या घरांचं आडनाव बुजिश आणि उरलेल्या अर्ध्यांचं कोंकेल. अशा गावात पोस्टमननं करावं तरी काय? म्हणून आमच्याकडे माणूस टोपणनावानं ओळखला जातो, आणि एकदा चिकटलेलं टोपणनाव मेल्यावरच सुटतं. ब्रिगिदा बुजिशला सगळं गाव पोमुखेल म्हणतं. पोमुखेल म्हणजे कॉड मासा. लहानपणी ती खाडीवरच्या पातळ बर्फातून आत गेली होती. बापानं वेणीला धरून बाहेर ओढली, तर पोर रडायचं सोडून डोळे वटारून नुसती आ वासून बसली, आणि श्वास लागल्यावर पहिलं वाक्य काय बोलली? "परत जाऊ का?" बापानं तिला एक ठेवून दिली आणि गावानं नाव ठेवलं.

थंडीचं आणि हिचं तेव्हापासून गूळपीठ आहे, असं आमच्याकडे म्हणतात. शीड लावलेली फळी तिनं पहिल्यांदा पाहिली ती समोरच्या काठावर, पुत्स्कमध्ये. एक गोरटेला पोरगा त्या फळीवर उभा राहून, दोन्ही हातांनी शीड धरून, पाण्यावरून सुसाट गेला. ब्रिगिदा घरी आली ती झपाटल्यासारखी. दुसऱ्या दिवसापासून तिच्या बापाच्या धुरीच्या खोलीचं दार सापडेना. मासे धुरावायला टांगलेले, धूर सगळा गल्लीत, आणि दार कुठं? दार खाडीत. त्यावर जुन्या ताडपत्रीचं शीड, वल्ह्याची डोलकाठी, आणि वर आमची पोमुखेल. घटकाभर चाललं आणि बुडालं. बापानं दुसरी ठेवून दिली, पण तेव्हा तिला काही लागलंच नाही म्हणे.

पुढं खरी फळी आली, खरं शीड आलं, रबरी सूट आला. लग्न आलं, मुलगी आली, सासरची धुरीची भट्टी आली. उन्हाळ्यात कुझ्नित्सा पाहुण्यांचं असतं. वॉर्सॉची माणसं रांगा लावून धुरावलेली वाम आणि लेप खातात आणि खाडीभर रंगीत शिडं फिरतात, तेव्हा ब्रिगिदा काजळलेल्या हातांनी मासे उलटत असते. पाहुणे गेले, थंडी पडली, वारा सुटला, की पाणी तिचं. डिसेंबरात तिच्या चेहऱ्यावर जी लाली चढते ती जुलैत कुणी पाहिली नाही.

हिवाळ्यात बाहेर पडणारे असे वेडे गावात सहा होते, पाच पुरुष आणि ब्रिगिदा. त्यांचा म्होरक्या ब्रुनोन कोंकेल, जुना कोळी, भुवयासुद्धा पिकलेल्या. त्यांनी आपल्या टोळीचं नाव ठेवलं होतं माशोपेरिया. आमच्या आजोबा-पणजोबांची मासेमारीची मंडळी असायची तिचं हे नाव. कुठल्या घरानं कुठं जाळं टाकायचं, ते टोपीत चिठ्ठ्या टाकून ठरायचं. चिठ्ठ्या म्हणजे लाकडी खुंट्या, आणि प्रत्येक खुंटीवर कोरलेली त्या घराची खूण. दोन रेघा आणि एक फुली, किंवा नांगर, किंवा कोंबडीचा पाय. ब्रुनोननं तीच रीत फळ्यांना लावली. हिवाळ्यात एकट्यानं पाण्यात जायचं नाही. पहिली थंडी पडली की टोपीत खुंट्या टाकायच्या, दोन-दोन काढायच्या, आणि निघाली ती जोडी वसंतापर्यंत पक्की. दोघं गेले, दोघं आले, एवढाच नियम. तो मोडला की माणूस कायमचा बाहेर.

ब्रिगिदाच्या नवऱ्याचं, क्लेमेन्सचं, या सगळ्याशी काही देणंघेणं नव्हतं. तो कोळी, होडीतला माणूस. पोहता येत नाही, आणि येत नाही याचा त्याला अभिमान. "पोहता येणारे बुडतात," म्हणायचा, "न येणारे होडी सोडत नाहीत." त्याच्या घरात एक विचित्र रीत होती. त्याच्या आजीनं आजोबांना क्षितिजापर्यंत डोळे भरून पाहिलं आणि आजोबा परत आलेच नाहीत. तेव्हापासून त्या घरात पाण्यावर निघालेल्या माणसाकडं कुणी बघत नाही. निरोप दिला की पाठ फिरवायची. क्लेमेन्स बायकोची फळी किनाऱ्यापर्यंत वाहून न्यायचा, पाय गोठू नयेत म्हणून तिच्या रबरी बुटांत किटलीतलं कोमट पाणी ओतायचा, गालांना हंसाची चरबी फासायचा, आणि ती शीड उचलायला लागली की लगेच गावाकडं तोंड करून उभा. तीस वर्षं ब्रिगिदानं पाण्यावरून वळून पाहिलं की तिला नवऱ्याची फक्त पाठ दिसायची. निळ्या स्वेटरची, कोपऱ्यात उसवलेली पाठ.

"मी पडते का उडते, तुला काही ठाऊक तरी आहे का?" ती विचारायची.

"परत आलीस की कळतं," तो म्हणायचा.

यंदा मात्र सगळं फिसकटलं. ब्रिगिदाचा उजवा खांदा दोन वर्षं कुरकुरत होता. डॉक्टरांनी फोटो बघून सांगितलं, जानेवारीत सांधा बदलायचा, आणि त्यानंतर शीड धरणं विसरा. तिनं मान हलवली, बाहेर आली आणि पहिला विचार केला तो खाडीचा. जानेवारीच्या आत एकदा तरी मनासारखं जायचं. कुझ्नित्सातून सुटायचं, अख्खी खाडी कापायची, पुत्स्कच्या चर्चखालच्या वाळूला हात लावायचा आणि परत. उन्हाळी पोरं करतात तसं नव्हे. बर्फाळ वाऱ्यात, शेवटचं.

आणि नेमका तेव्हाच हुबेर्टचा गुडघा गेला. हुबेर्ट म्हणजे सहामधला एक. तो गेला, उरले पाच. पाचाच्या जोड्या होत नाहीत. कुणीतरी एक वसंतापर्यंत काठावर बसणार. आणि खाडी आज गोठते की उद्या अशी अवस्था. पाणी तसंही कमी खारट, दोन रात्री कडक पडल्या की काचेसारखं होतं, मग मार्चपर्यंत त्यावर फक्त घसरायचं.

खुंट्या टाकायला सगळे दरवर्षीप्रमाणे बुजिशांच्या धुरीच्या खोलीत जमले. भट्टीची ऊब, छताला टांगलेली हेरिंगं, कोपऱ्यात क्लेमेन्स ओली लाकडं फोडत बसलेला. पाचातली एक खुंटी टोपीतच राहणार, आणि ती आपलीच असणार, असं ब्रिगिदाच्या मनानं घेतलं होतं.

ब्रुनोननं टोपी हलवली, डोळे मिटले आणि पहिली जोडी काढली. त्याची स्वतःची आणि टोळीतल्या धाकट्या कोंकेलची. दुसरी जोडी काढली. त्यातही ब्रिगिदाची खूण नाही. आता टोपीत एकच उरली, ती तिची. ब्रिगिदा हेरिंगांकडं बघत राहिली, डोळ्यांत पाणी आलं ते धुराचं आहे असं दाखवायला.

ब्रुनोननं शेवटची खुंटी काढायला हात घातला आणि भुवया वर गेल्या. मुठीत दोन खुंट्या निघाल्या. दोन्हींवर एकच खूण. दोन रेघा आणि फुली. बुजिशांच्या या घराची.

"पोमुखली!" तो गरजला. "दोन खुंट्या टाकल्यास? या वयात लबाडी?"

"मी नाही हो ब्रुनोनदादा! आईशपथ, एकच टाकली!"

"मग दुसरीला काय टोपीत पिल्लू झालं?"

"दुसरी माझी," कोपऱ्यातून क्लेमेन्स म्हणाला. कुऱ्हाड खाली ठेवलेली नव्हती.

पाचही जणं वळली. कुणीतरी फस्सकन हसलं. ब्रिगिदाला वाटलं आपण भलतंच ऐकलं.

"तू?" ब्रुनोन म्हणाला. "अरे, तुला न्हाणीतल्या टबात उतरायची भीती वाटते. फळीवर उभा राहणार तू?"

"फळीवर कोण म्हणालं? माझी होडी आहे ना. नियम काय आहे दादा? दोघं गेले, दोघं आले. कशावर बसून गेले ते कुठं सांगितलंय?"

"होडी म्हणजे फसवणूक आहे!" धाकटा कोंकेल म्हणाला.

"मग तू ये तिच्याबरोबर आणि ब्रुनोनदादाला काठावर बसव. चालेल?"

ब्रुनोननं खुंट्या बोटांत फिरवल्या. मग त्यानं खिशातून शिंगाची डबी काढली आणि मनगटावर तपकिरीची चिमूट ठेवली. आमच्याकडे ब्रुनोनच्या डबीतली तपकीर ओढली की बोलणं संपलं, शब्द दिला. डबी फिरत फिरत क्लेमेन्सकडं आली. त्यानं ओढली, सणसणीत शिंकला, आणि भट्टीतली राख सगळ्यांच्या तोंडावर उडाली.

रात्री ब्रिगिदानं त्याला गाठलं. "हे काय काढलंस तू? मला न विचारता?"

"विचारलं असतं तर नाही म्हणाली असतीस."

"पण तुझी ती रीत? पाठ फिरवायची?"

"होडीत पाठ फिरवून बसलो तर सुकाणू कोण धरणार, बाई?" एवढं बोलून तो कुशीवर वळला.

दोन दिवसांनी वारा आला. दक्षिणेकडून, कोरडा, हाडं फोडणारा. पहाटेपासून घरांच्या पत्र्यांनी धडधड लावली. खाडीतलं पाणी वाऱ्यानं ढकलून बाहेर काढलं होतं, काठावरची शेवाळ उघडी पडून कडक झाली होती. कडेला लापशीसारखा बर्फ साचायला लागला होता. ब्रिगिदा खिडकीतून नुसती बघतच राहिली. आजच. उद्या हे पाणी असणार नाही.

क्लेमेन्सनं तिच्या बुटांत कोमट पाणी ओतलं, हातमोज्यांत ओतलं, गालांना चरबी फासली. रबरी सुटाची पाठीमागची चेन त्यानं दोनदा ओढून तपासली. मग मांडीपर्यंतचे रबरी बूट चढवून होडीत उतरला. मोटार तीनदा खोकली आणि लागली.

"मला बघता येईल एवढीच पुढं जा!" तो ओरडला. "विमान नाहीय माझ्याकडं!"

ब्रिगिदानं शीड उचललं. वाऱ्यानं ते हिसकलं, तिनं कमरेचा हूक दोरीत अडकवला, अंग मागं टाकलं, आणि फळी सुटली.

काय सुटली! पाणी फळीखालून टरटर फाटत निघालं. तोंडावर तुषार आले ते सुयांसारखे, आणि चरबीवर आपटून तिथंच गोठले. डोलकाठीवर बर्फाचं पांढरं कवच चढायला लागलं, दोऱ्या काठीसारख्या ताठ झाल्या. खांदा ओरडत होता. ओरडू दे! ब्रिगिदाही ओरडायला लागली, शब्द नाहीत, काही नाही, नुसती किंचाळत खाडीवरून चालली होती. बगळे उठले. वर राखाडी आभाळ, खाली शिशासारखं पाणी आणि मधे ही साठीला टेकलेली बाई, पायांचे पंजे पट्ट्यांत रुतवून, दात विचकून हसत. मासे उलटणारे हात, जावयाला वाढणारे हात, तेच हात. तिला वाटलं, जन्माला आले ती याचसाठी.

अधूनमधून ती वळसा घेऊन मागं यायची, होडीला एक चक्कर मारायची. क्लेमेन्स सुकाणूला चिकटून बसलेला, टोपी कानांपर्यंत ओढलेली. त्याचं तोंड उघडं होतं. ती शेजारून गेली तेव्हा तो काहीतरी ओरडला, पण वाऱ्यात काही कळलं नाही. "काय?" ती ओरडली. त्यानं नुसता हात हलवला, जा, जा.

मग पुत्स्कचं चर्च दिसायला लागलं. विटांचा जाड मनोरा, खाली वाळूची रेघ. आता फक्त एक सरळ लांब धाव. तिनं मागं पाहिलं, होडी येत होती. ठीक. तिनं शीड आवळलं आणि झेप घेतली. मनोरा मोठा होत गेला. खिडक्या दिसल्या. काठावर कुत्रा घेऊन उभा असलेला एक माणूस दिसला. आणखी जरासं, जरासं, की वाळू.

तिनं सवयीनं पुन्हा मागं पाहिलं.

होडी जागची हलत नव्हती. पार लांब, खाडीच्या मध्यावर, तिरकी होऊन थांबलेली. आणि होडीच्या बाहेर, समुद्राच्या मधोमध, एक माणूस उभा होता.

परक्या माणसाला दातखीळ बसली असती. पण ब्रिगिदानं एका नजरेत ओळखलं. लांबोडा वाळूपट्टा. दक्षिणवाऱ्यानं पाणी ओसरलं की तो वर येतो, हे कुझ्नित्साचं शेंबडं पोरही सांगेल. चाळीस वर्षं खाडीत जाळी टाकणारा क्लेमेन्स बुजिश भर दिवसा त्याच्यावर होडी घालतो? आता वाळूत रुतलेली मोटार पाणी परत येईपर्यंत चालायची नाही.

समोर वाळू होती, कुत्रेवाला माणूस हात हलवत होता. पट्ट्यावर पाणी गुडघाभर. क्लेमेन्स बुडणार नव्हता. घटकाभरानं गेलं तरी काय बिघडणार होतं? हात लावून परतायला कितीसा वेळ? ब्रिगिदानं दात आवळले आणि डोळ्यांतून खरंच पाणी आलं. दोघं गेले, दोघं आले. आणि दुसरा कोण, तर ज्याला पोहता येत नाही तो. तिनं शीड फिरवलं. फळी कण्हत वळली आणि पुत्स्क पाठीमागं गेलं.

वाळूपट्ट्याशी पोचेपर्यंत तिचा नुसता संताप संताप झाला होता. फळी उथळ पाण्यात घासली, तिनं उडी मारली.

"डोळे फुटले होते का तुझे? लांबोडा पट्टा दिसला नाही? माझं पुत्स्क गेलं, क्लेमेन्स! हाताशी आलेलं गेलं! कुठं बघत होतास?"

क्लेमेन्स गुडघाभर पाण्यात उभा. एका हातात थर्मास, दुसऱ्या हातात टोपी. पापण्यांवर बर्फ.

"तुझ्याकडं," तो म्हणाला.

ब्रिगिदानं फळी ओढून पट्ट्यावर घेतली.

"सुकाणू धरायचं लक्षातच राहिलं नाही," तो म्हणाला. "तू तिकडं चाललीस, आणि... मला काय माहीत असं असतं ते? मला वाटायचं तू दांडी धरून उभी राहतेस आणि वारा नेतो. मला कुणी सांगितलंच नाही." त्यानं टोपी मांडीवर आपटली. "तीस वर्षं गाढवासारखा पाठ करून उभा राहिलो."

"मी सांगत होते की रे."

"सांगून कळतं होय हे?" त्यानं थर्मास पुढं केला. "चहा घे. आणि जा. पुत्स्कला जा, मी काय, कुठं पळतोय? इथंच उभा आहे, समुद्राचा मालक."

ब्रिगिदानं चहा घेतला, ओठ भाजले. दूर चर्चचा मनोरा राखाडी व्हायला लागला होता. डिसेंबरचा दिवस तो केवढा. तिनं मनोऱ्याकडं पाहिलं, मग नवऱ्याकडं. त्याचं नाक लाल, टक्कल वाऱ्यात उघडं, आणि नजर तिच्यावरून हलायला तयार नव्हती.

"टोपी घाल आधी," ती म्हणाली. "आणि आता पाठ फिरव. मी निघतेय."

"नाही फिरवत."

"बघ हां. परत आले नाही तर?"

"येशील," क्लेमेन्स म्हणाला. "तुझा नियम आहे ना तो."

ती पट्ट्याच्या कडेला खोल पाण्यात गेली, शीड उचललं आणि सुटली. पुत्स्ककडं नाही. पट्ट्याला वळसा घालत, नवऱ्याला मध्ये ठेवून. जोर होता नव्हता तेवढा तिनं लावला. वळणावर फळी आडवी पाडली, शीड पाण्याला टेकवून उचललं, लाटेवरून उडी घेतली, पडली, खदखदून हसत पुन्हा चढली. प्रत्येक वळणावर ती बघायची, आणि प्रत्येक वेळी तिला त्याचं तोंड दिसायचं. ती फिरेल तसा तोही पाण्यात जड बुटांनी पाय उचलत फिरायचा, गोल गोल, तिचं एकही वळण सुटू नये म्हणून. एकदा ती अगदी जवळून गेली आणि त्याच्या अंगावर पाणी उडवलं. क्लेमेन्स ओरडला, "आणखी!"

कुत्रेवाल्या माणसानं केव्हाच बचाववाल्यांना फोन लावला होता, की खाडीच्या मधोमध एक म्हातारा पाण्यावर उभा आहे आणि गोल फिरतोय. त्यांना सवय होती. त्यांनी ब्रुनोनला कळवलं आणि ब्रुनोन धाकट्या कोंकेलला घेऊन चपट्या बुडाच्या मोटारहोडीनं आला, दोराचं भेंडोळं खांद्यावर टाकून. अंधारून आलं होतं. वाळूपट्ट्याशी होडी लावता लावताच त्यानं तोंड सोडलं, "लाज नाही वाटत रे क्लेमेन्स, कोळ्याच्या पोटी जन्मलास आणि पट्ट्यावर चढलास? धर हा दोर, चल, गोठून मरशील!"

क्लेमेन्सनं दोराकडं पाहिलंही नाही.

"गप उभा राहा रे दादा," तो म्हणाला. "तिची अजून एक फेरी राहिलीय."